विहिरीवरचा फोन आणि वाघाच्या गळ्यातला पट्टा

रात्री साडेबाराला मोठ्या बाबांना विहिरीचा फोन येतो. त्यांच्या बटणांच्या मोबाईलमध्ये तो नंबर ‘विहीर’ याच नावाने साठवलेला आहे. फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. थ्री फेजची लाईन आली, असा त्याचा अर्थ. मोठे बाबा गोधडीतून हात बाहेर काढतात, ‘विहीर’ला उलटा फोन लावतात, पलीकडून बारीक टूं ऐकू आलं की १ दाबतात आणि कूस बदलतात. दीड किलोमीटरवर, माणूस नसलेल्या वावरात, पाच एचपीची मोटर घुर्र करून उठते आणि हरभऱ्यावर स्प्रिंकलरचे फवारे गोल फिरू लागतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला उरलेली रात्र झोप आली नाही. विहिरीने माणसाला उठवावं, माणसाने एक बोट दाबावं आणि जमिनीखालचं पाणी वर यावं! मोठ्या बाबांना मात्र त्यात काही वाटत नव्हतं. “लाईन आली, मोटर लावली. त्यात काय पाह्यतं बाबू?” एवढंच ते म्हणाले.

हे सगळं पांढरकवड्याकडचं. पांढरकवडा म्हणजे केळापूर तालुक्याचं ठिकाण. खुनी नदीच्या काठचं, श्रीनगर-कन्याकुमारी महामार्गावरचं गाव. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगण. आणि याच तालुक्यात टिपेश्वर अभयारण्य, सुमारे १४८ चौरस किलोमीटर सागवानाचं आणि वाघांचं रान. अभयारण्याला कुंपण नाही. वाघ पऱ्हाटीतून चालत जातो, तुरीत बसतो, नाल्याच्या काठाने दुसऱ्या गावच्या शिवारात उतरतो. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे जीव गेले आणि ते टी-१ या वाघिणीच्या नावावर लागले. वर्तमानपत्रांनी तिला अवनी म्हटलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. तिला मारायला हवं होतं की नाही यावर देशभर वाद झाला. त्या दोन वर्षांत इथल्या माणसांना रात्री वावरात जाणं म्हणजे काय वाटत होतं, हे त्या वादात फार थोड्यांनी विचारलं.

आणि जावं तर लागायचंच, कारण शेतीची लाईन आलटून पालटून येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात ओलीत करणारा माणूस बॅटरी, काठी आणि घोंगडं घेऊन अंधारात निघायचा. साप, रानडुक्कर, विजेचा धक्का आणि त्यावर वाघ. लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावून काहीजण घरी झोपायचे. पण मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या तीस मोटरी एकाच सेकंदाला उठल्या की डीपीच जळते. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढायला सांगत आलं आहे. हवी होती ती अशी गोष्ट, जी माणसाच्या मर्जीने, माणसाच्या वेळेला आणि माणूस तिथे नसताना मोटर लावेल.

ती गोष्ट महाराष्ट्रातच तयार झाली. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी लहानपणी आपल्या आजोबांना मध्यरात्री उठून पंपावर जाताना पाहिलं होतं. त्यांनी मोबाईलवरून पंप चालवणारं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक नवकल्पना स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आता अशा पेट्या अनेकजण बनवतात. मोठ्या बाबांची दुसऱ्याच कुणाची आहे. सगळ्यांचं आतलं गणित जवळजवळ सारखं, आणि ते इतकं सुंदर आहे की सावकाश सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मोबाईलच्या बटणावर १ दाबलं की एक सूर ऐकू येतो. तो एक नसून दोन सूर असतात, एकमेकांत मिसळलेले. बटणांच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक खालचा सूर दिलेला आहे आणि प्रत्येक उभ्या ओळीला एक वरचा. १ या आकड्याचा खालचा सूर सेकंदाला ६९७ कंपनांचा, वरचा १२०९ कंपनांचा. २ दाबलं तर खालचा तोच राहतो, वरचा १३३६ होतो. अमेरिकेत बेल कंपनीने १९६३ मध्ये ही पद्धत लोकांच्या हाती दिली. दोन सूर का? कारण माणूस बोलताना, खोकताना किंवा शीळ घालताना चुकून एखादा सूर नेमका लागू शकतो, पण हे दोन ठरलेले सूर एकाच वेळी माणसाच्या गळ्यातून येणं जवळपास अशक्य. आकडेही असे निवडले आहेत की एक सूर दुसऱ्याच्या पटीत बसत नाही. म्हणून फोनवर कोणी कितीही ओरडलं तरी मोटर सुरू होत नाही. पेटीतला इवलासा तुकडा फक्त त्या जोडीची वाट पाहत असतो. जोडी ओळखू आली की एक बारीक रिले चिकटतो, रिले कॉन्टॅक्टर ओढतो, कॉन्टॅक्टर तीन फेजा मोटरला जोडतो. सुरांची जोडी शेवटी पाणी होते.

आणि याच्याही आत एक गंमत आहे. मोठे बाबा १ दाबतात तेव्हा त्यांचा टू-जी फोन तो सूर पाठवतच नाही. टू-जीमध्ये आवाज फार पिळून पाठवतात. माणसाचा गळा, जीभ आणि श्वास यांचं गणित मांडून तेवढंच कळवायचं, अशी ती युक्ती. ती बोलण्यासाठी घडवलेली, यंत्राच्या शुद्ध सुरांसाठी नव्हे. म्हणून फोन फक्त निरोप देतो, “याने १ दाबलं.” तो निरोप टॉवरवरून लांबच्या एक्स्चेंजपर्यंत जातो, तिथलं यंत्र तो दुहेरी सूर नव्याने तयार करतं आणि विहिरीच्या बाजूला सोडतं. म्हणजे आपल्या वावरातली मोटर ज्या सुराने उठते, तो सूर आपल्या गावात जन्मलेलाच नसतो. तो कुठल्यातरी शहरातल्या गार खोलीत जन्मतो आणि अंधारातून परत येतो.

विहीर सापडते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. पेटीतलं सिम अधूनमधून जवळच्या टॉवरला आपण कुठे आहोत हे कळवत राहतं. मोठ्या बाबांनी फोन लावला की नेटवर्क आपल्या नोंदवहीत पाहतं, हा नंबर शेवटी कोणत्या भागात होता? मग त्या भागातले सगळे टॉवर एकदम हाळी देतात, कोतवालाने दवंडी द्यावी तसे. हजारो सिम ती हाळी ऐकतात आणि गप्प राहतात. फक्त विहिरीतलं सिम ओ देतं.

जुना रेडिओ किंवा टीव्ही जवळ असला तर फोन वाजण्याच्या आधी त्यातून डिग-डिग-डिग असा आवाज यायचा, आठवतो? तो याच संभाषणाचा आवाज. टू-जीमध्ये एकाच लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून थोडीच जास्त. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि सेकंदाला सुमारे २१७ वेळा पाळी फिरून येते. त्या २१७ वेळच्या उघडझाकीने रेडिओची तार थरथरायची आणि आपल्याला ती कानांनी ऐकू यायची. पाळी चुकू नये म्हणून टॉवरपासून लांबच्या फोनने जरा आधी बोलायचं असतं, कारण प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीलाही वावर ओलांडायला वेळ लागतो. साडेपाचशे मीटरला एक पायरी, अशा जास्तीत जास्त ६३ पायऱ्या. त्यामुळे साधारण ३५ किलोमीटरच्या पुढचा फोन टॉवरला कितीही स्वच्छ दिसला तरी त्याला बोलताच येत नाही. फिनलंडमध्ये १ जुलै १९९१ रोजी या पद्धतीवरचा पहिला फोन झाला. भारतात पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून दिल्लीला. आणि त्याच टू-जीवर केळापूर तालुक्यातला हरभरा भिजतो.

आता त्या पेटीकडे पुन्हा पाहिलं की वेगळंच दिसू लागतं. विहिरीवर टांगलेली पेटी म्हणजे अर्धं यंत्र. उरलेलं अर्धं टॉवरवर, एक्स्चेंजमध्ये, कंपनीच्या नोंदवहीत, सरकारने दिलेल्या लहरींच्या परवान्यात, आणि न्यायालयाच्या निकालातसुद्धा आहे. पेटी मोठ्या बाबांनी पैसे देऊन विकत घेतली. ते दुसरं अर्धं त्यांनी कधीच विकत घेतलेलं नव्हतं. ते फक्त चालू होतं, आणि चालू असलेली गोष्ट आपली वाटते.

ते दुसरं अर्धं किती वेळा गळून पडलं, हे नुसतं आठवलं तरी मन थबकतं. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वाटलेले १२२ दूरसंचार परवाने रद्द केले. निकाल योग्यच होता. पण एका सकाळी दिल्लीत वाचलेल्या निकालाचा धागा किती वावरांतल्या सिमपर्यंत येत होता! रिलायन्स कम्युनिकेशन्सची टू-जी आवाजसेवा २०१७ चा नोव्हेंबर संपताच थांबली. एअरसेलने ३० जानेवारी २०१८ पासून महाराष्ट्रासह सहा परिमंडळांत काम बंद केलं. फोन हातात असणाऱ्या माणसाला निदान मेसेज येतो की नंबर दुसऱ्या कंपनीत नेऊन घ्या. विहिरीवरच्या सिमलाही तो मेसेज येतो. पण तो वाचणार कोण?

आणि ‘लाइफटाइम’. हा शब्द विदर्भातल्या खेड्यांत मराठी होऊन गेला होता. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या सुरुवातीला कंपन्यांनी ९९९ रुपयांच्या आसपास पैसे एकदाच घेऊन आयुष्यभर इनकमिंग फुकट देणारे प्लॅन आणले. पंपाच्या पेटीसाठी यापेक्षा चांगलं काय असणार? पेटी स्वतः फोन करते तो नुसता मिस्ड कॉल, एरवी ती फक्त ऐकते. आयुष्यभर फुकट ऐकणारं सिम तिच्यासाठीच बनवल्यासारखं होतं. पण २०१८ च्या शेवटी मोठ्या कंपन्यांनी ३५ रुपयांचा, २८ दिवसांचा किमान रिचार्ज आणला. तो न केल्यास आधी आउटगोइंग जाणार आणि काही दिवसांनी इनकमिंगही. लोकांनी दूरसंचार नियामक ट्रायकडे तक्रारी केल्या. पण आयुष्य कुणाचं, ग्राहकाचं की योजनेचं, हे त्या ९९९ रुपयांच्या व्यवहारात कोणी विचारलंच नव्हतं.

मोठ्या बाबांची विहीर अशीच एका रात्री गप्प झाली. फोन लावला तर सांगणारी बाई वेगळंच काही सांगू लागली. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं होतं. हरभरा फुलावर होता, दोन दिवसांत पाणी पाहिजे होतं, आणि रात्रीचा आठवडा होता. मोठे बाबा म्हणाले, “जाऊन लावतो. आधी जात नव्हतो काय?”

इथेच मला ती गोष्ट दिसली, जी मी तोवर कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. ते आधीसारखं जाऊच शकत नव्हते. पूर्वी रात्रीच्या ओलिताला सोबत असायचा तो सालदार आता ठेवलेला नव्हता, कारण पेटी आल्यावर त्याची गरज राहिली नव्हती. मोठ्या बॅटरीतले सेल गळून तिचा डबा आतून हिरवा झाला होता. नाल्याकडून जाणारी पाऊलवाट चालण्याअभावी झुडपांनी बुजली होती. शेजारच्या वावरांतले लोकही फोनवरूनच मोटरी लावत होते, त्यामुळे रात्री शिवारात एकमेकांना हाका मारणारं कोणी उरलं नव्हतं. आणि स्टार्टरचं हिरवं बटण इतकी वर्षं कोणी दाबलं नव्हतं, की मुंग्यांनी त्यात घर केलं होतं. ते दाबलंच जाईना.

सेवा बंद पडली की आपण पूर्वीच्या जागी परत जातो, असं आपल्याला वाटतं. पण पूर्वीची जागा तोवर मोडलेली असते. पेटीने मोठ्या बाबांना रात्रीच्या भीतीतून सोडवलं होतं, हे खरंच आहे. मी तिचा ऋणी आहे. पण तिने हळूच मागची वाटही पुसली होती, आणि ती पुसली जाताना कोणाला दिसली नव्हती. तार बंद झाली तेव्हा असं झालं नाही. १४ जुलै २०१३ रोजी भारतातली शेवटची तार स्वीकारली गेली, पण तोवर फोन घराघरांत आलेला होता. म्हणजे बंद होणं हे आपोआप संकट नसतं. ती सेवा चालू असताना आपण कायकाय मोडून टाकलं, यावर ते ठरतं.

कंपन्या हे सगळं बंद का करतात? टू-जीच्या बाबतीत उत्तर लहरींत आहे. मोबाईलच्या लहरी म्हणजे जमिनीसारखी ठरलेल्या मापाची मालमत्ता. तेवढ्याच लहरींवर फोर-जी कितीतरी पट जास्त माणसं आणि माहिती वाहू शकतं. एकच वावर, त्यात जुनं वाण ठेवायचं की नवं, असा तो प्रश्न. म्हणून जपानने २०१२ पर्यंत टू-जी बंद केलं, अमेरिकेतल्या एटी अँड टीने २०१६ संपताच बंद केलं, सिंगापूरने २०१७ मध्ये. एटी अँड टीने तर २०१२ मध्येच सांगून ठेवलं होतं. तरी जानेवारी २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसथांब्यांवर पुढची बस किती मिनिटांत येणार हे सांगणाऱ्या पाट्या गोंधळल्या, कारण कितीतरी बसच्या आतली यंत्रं अजून टू-जीवरच बोलत होती. एवढं श्रीमंत शहर, एवढी आधी दिलेली सूचना, आणि तरीही! यंत्राच्या पोटातलं सिम कोणाच्याच लक्षात राहत नाही. ते बिल मागत नाही आणि तक्रार करत नाही.

भारतात आणखी नवल घडलं. इथे नवं आधी गेलं आणि जुनं टिकलं. एअरटेलने २०२० पर्यंत आपलं थ्री-जी गुंडाळलं, टू-जी मात्र ठेवलं, कारण बटणांचे कोट्यवधी फोन त्यावरच चालतात. जिओने तर २०१६ मध्ये सुरुवातच फोर-जीपासून केली. तिच्याकडे टू-जी कधी नव्हतंच. म्हणून गावातला एखादा पोरगा हौसेने विहिरीच्या पेटीत जिओचं सिम टाकतो, आणि जुनी पेटी त्याच्याकडे पाहतही नाही. तिला ती भाषाच येत नाही. आपली शेकडो पंपांची गाडी टू-जीवर चालते आहे ती कोणाच्या दयेने? बटणांच्या फोनवर बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या. ती माणसं आहेत तोवर टॉवर ती भाषा बोलणार. मोठ्या बाबांसारखे लोकच त्या जुन्या नेटवर्कला जिवंत ठेवत आहेत, हे त्यांना ठाऊकही नाही.

आता त्याच अंधारात दुसरा एक निरोप.

फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरमधल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बांधली. त्याचं कागदावरचं नाव टी-१ सी-१, पुढे सगळे त्याला वॉकर म्हणू लागले. (त्याची आई टी-१ ही टिपेश्वरची, राळेगावची ती टी-१ नव्हे.) जूनमध्ये तो निघाला. महाराष्ट्रातून तेलंगणात, पुन्हा महाराष्ट्रात, शेतांतून, नदीकाठाने, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीच. वर्षाअखेरीस तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि पुढे एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. भारतात वाघाची एवढी लांब वाटचाल त्याआधी नोंदलेली नव्हती. ज्या गावांच्या बाजूने तो गेला, तिथल्या बहुतेकांना तो दिसलाही नाही. कॉलर आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा समजून घेत होती आणि आपला ठावठिकाणा परत कळवत होती, म्हणून तो आपल्याला दिसला. मोठे बाबा १ दाबून झोपायचे, त्याच थंडीत कधीतरी वॉकरची कॉलरही एखादा निरोप सोडत असेल. एकाच जिल्ह्यातून निघालेले दोन अदृश्य निरोप.

त्या निरोपांच्या वाटाही माणसांच्या हिशेबावर तगतात. जगभरात रानातल्या प्राण्यांच्या अनेक कॉलरी ज्या उपग्रहांवरून निरोप पाठवतात, त्या इरिडियम या ६६ उपग्रहांच्या जाळ्याने १९९८ मध्ये काम सुरू केलं आणि १९९९ मध्येच कंपनी दिवाळखोरीत गेली. अब्जावधी डॉलर खर्चून वर नेलेले उपग्रह खाली आणून वातावरणात जाळून टाकायचे, असा बेत ठरला होता. शेवटच्या घटकेला अडीच कोटी डॉलरमध्ये ते विकले गेले आणि वाचले. इकॅरस या प्रकल्पाची गोष्ट जास्त दुखते. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेचे शास्त्रज्ञ मार्टिन विकेल्स्की यांनी छोट्या पक्ष्यांच्या पाठीवरही मावतील अशा चिमुकल्या यंत्रांचे निरोप गोळा करण्यासाठी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या रशियन भागावर अँटेना बसवला. २०२० मध्ये काम सुरू झालं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे ते थांबलं. पक्षी उडत राहिले, पाठीवरची यंत्रं बोलत राहिली, ऐकणारा कान मात्र बंद झाला होता.

वॉकरची कॉलर २०२० मध्ये काढली गेली, त्यामुळे त्याच्या नकाशावरची रेघ तिथे थांबते. पण वनरक्षकांच्या हातात एक जुनी विद्या असते. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या फोटोवरून वाघ ओळखता येतो, आणि ओल्या नाल्यातल्या ठशावरून तो कोणत्या बाजूला गेला हे कळतं. कॉलर आली म्हणून वनविभागाने ठसे पाहणं सोडलं नाही. मोठ्या बाबांची पाऊलवाट बुजली, वनरक्षकांची बुजली नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला पेटीकडे नीट पाहता आलं.

नव्या पेट्या आता सिमबरोबर ॲपही घेऊन येतात. विहिरीत किती पाणी आहे, किती तास मोटर चालली, व्होल्टेज किती, हे सगळं टच स्क्रीनवर दिसतं. मला त्या आवडतात. पण यात निरोप टॉवरवरून पुढे कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत येतो. म्हणजे गळून पडू शकणारी आणखी एक कडी. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद झाले आणि लोकांच्या घरांतले दिवे फोनचं ऐकेनासे झाले. लहान कंपनी बुडते, असं म्हणावं, तर गूगलनेही यंत्रांना जोडणारी आपली आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद केली. एक वर्ष आधी सांगून, हे खरं. पण वर्षभरात वावरावावरांत जाऊन पेट्या बदलणार कोण?

म्हणून मी आता दुकानात पेटी पाहताना ती काय काय करते हे विचारत नाही. फोन लागला नाही तर ही पेटी मधे अडून बसेल, की बाजूला सरकून स्टार्टरला आपलं काम करू देईल, एवढंच विचारतो. सौर पंपांचं उदाहरण मला त्यासाठी बरं वाटतं. कुसुम योजनेतल्या पंपांना दुरून लक्ष ठेवणारं यंत्र जोडलेलं असतं, त्यातही सिम असतं. पण ऊन पडलं की पंप चालतो, सिम असो वा नसो. देखरेख गेली तरी पाणी जात नाही. आणि काही ठिकाणी तरुण इंजिनिअर लोरा नावाच्या रेडिओवर हेच काम करून पाहत आहेत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरता येतो. घराच्या छपरावर एक अँटेना, विहिरीवर एक, मधे कोणतीही कंपनी नाही. निरोप फार लहान आणि सावकाश जातात, पण मोटर लावायला किती मोठा निरोप लागतो? एक हो किंवा एक नाही.

त्या फुललेल्या हरभऱ्याचं काय झालं ते राहिलंच. त्या रात्री आम्ही चौघं गेलो, मी, चुलत भाऊ आणि शेजारचे दोघं, डबे बडवत आणि मोठ्याने बोलत. मोठ्या बाबांनी पेचकसाने मुंग्यांचं घर उकरून काढलं, हिरव्या बटणात दोन थेंब तेल सोडलं आणि तळहाताने ते दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर मोटर उठली. दुसऱ्या दिवशी पांढरकवड्यातून त्यांनी नवं सिम आणलं, त्याच्या रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आणि इलेक्ट्रिशियनला सांगून पेटीच्या बाजूला एक साधा चेंजओव्हर बसवून घेतला, वर ‘फोन’, खाली ‘हात’.

तेव्हापासून दर अमावस्येला, लाईन दिवसाची असो की रात्रीची, ते वावरात जाऊन खटका ‘हात’वर करतात आणि मोटर स्वतः लावतात. रात्रीची असली तर शेजाऱ्यांना आधी हाक देऊन जातात. परवा मी विचारलं, फोन चालू आहे ना, मग काहून जाता?

“बटन जाम होते,” ते म्हणाले, आणि बॅटरी घेऊन निघाले.